गाठ काढली, मग शेक कशाला?

मोसंबीची तोडणी जोरात चालू होती, त्या दिवसांतली गोष्ट. दुपारची भांडी आवरून मी जरा टेकते न टेकते, तोच दारात रिक्षा थांबली आणि थोरल्या जाऊबाई पिशवी घेऊन उतरल्या. मला वाटले, माझी नजरच चुकली. त्या तर संभाजीनगरला असायला हव्या होत्या! दीड महिन्यापूर्वी त्यांच्या छातीतली गाठ काढली होती. स्तन काढावा लागला नव्हता, फक्त गाठ आणि काखेतल्या थोड्या ग्रंथी. पुढे डॉक्टरांनी पंधरा वेळा 'शेक' घ्यायला सांगितला होता. सहा घेऊन बाई परत आल्या होत्या.

"आता कामून आलात तुम्ही?" मी विचारलं.

"मग काय करू? घरी तोडणी चाललीय, माणसांच्या भाकरी कोण करील? अन् गाठ तर काढली ना? मग आता शेक कशाचा? बरं, घ्यायचाच तर एका दिवशी काय तो सगळा देऊन टाका म्हणावं. रोज दोन-तीन मिनिटं त्या यंत्राखाली निजायचं, त्याच्यासाठी पंधरा दिवस दुसऱ्याच्या दारात पडायचं!"

तेवढ्यात त्यांचा नातू धावत आला, तर त्यांनी त्याला जवळसुद्धा घेतले नाही. "लांब राहा रे बाबा, माझ्या अंगात ते किरण आहेत."

खरे सांगते मैत्रिणींनो, मला एकाही प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही. "डॉक्टर सांगतात ते ऐकावं" एवढेच म्हणाले. पण रात्रभर मनात तेच घोळत राहिले. मग डॉक्टरांना विचारले, माहितगारांना गाठले, जमेल तसे वाचले. त्यातून जे उमगले ते आपल्या भाषेत मांडते आहे. अशी एखादी जाऊबाई, नणंद, शेजारीण आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकीच्या दारात येणार आहे.

शेक म्हणजे ऊब नव्हे

आपल्याकडे सगळे 'शेक' म्हणतात, कुणी 'लाइट' म्हणतात, कुणी 'करंट'. पण यात ऊब नाही, उजेड नाही आणि विजेचा झटकाही नाही. क्ष-किरणांच्याच जातीचे, पण त्यांहून पुष्कळ जोरकस असे हे किरण असतात. त्यांचे काम चालते ते पेशीच्या आत.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीच्या गाभ्यात डीएनएचा धागा असतो. तो उलगडला तर सुमारे दोन मीटर भरेल, पण गुंडाळून एवढ्याशा जागेत बसवलेला असतो. सुतळीला दोन पदरांचा पीळ असतो तसाच याला. पेशीने कसे वागायचे, कधी वाढायचे, कधी थांबायचे, सगळे त्यात लिहिलेले.

किरण हा धागा तोडतात. किरणांचे माप 'ग्रे' या एककात मोजतात. एक ग्रे किरण पडले की एकेका पेशीत एक पदर तुटण्याचे प्रकार हजाराच्या आसपास होतात, तर दोन्ही पदर एकदम तुटण्याचे चाळीसच्या आसपास. एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्या पदरावरून नक्कल करून तो सहज सांधते. दोन्ही तुटले की मात्र काम अवघड.

आपले जालना बियाणांचे गाव, म्हणून एक उदाहरण देते. मुंबईजवळ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियांवर किरण सोडून पिकांचे नवे वाण तयार करतात. आपल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचा 'टीएयू-१' हा उडीद त्याच मार्गाने १९८५ साली आला. कोरडे बी शेकडो ग्रे सोसते आणि तरी उगवते. माणसाच्या साऱ्या अंगावर चार-पाच ग्रे एकदम पडले तर जीव धोक्यात येतो. बी झोपलेले असते, त्याच्या पेशी विभागत नसतात आणि त्यात पाणीही फार थोडे असते. जी पेशी सारखी विभागते तिला किरण अधिक बाधतात, हे बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोघा फ्रेंच संशोधकांनी १९०६ सालीच मांडले होते. कर्करोगाची पेशी सारखी विभागत असते, म्हणून ती किरणांच्या तावडीत सापडते.

पेशींचे निरोप

पण मग सगळ्याच पेशी सारख्या का मरत नाहीत? एकीच्या गाठीला शेक लगेच लागू पडतो, दुसरीच्या गाठीला कमी, असे का? याचे बरेचसे उत्तर पेशींच्या आपसातल्या निरोपांत आहे.

एकत्र कुटुंबात कसे असते? बाहेरून निरोप येतो, दारात कुणी तरी घेतो, तो आत सांगतो, आतली माणसे आणखी आत सांगतात, मग स्वयंपाकघरात चूल पेटते. पेशीतही तसेच. बाहेरून संप्रेरके आणि वाढीचे घटक येतात. ते घेणारी खास प्रथिने पेशीच्या दारात किंवा आत बसलेली असतात. ती पुढच्याला हलवतात, पुढचा त्याच्या पुढच्याला, आणि निरोप गाभ्यापर्यंत पोहोचतो: वाढ, थांब, दुरुस्ती कर, किंवा मर.

किरणांनी धागा तुटला की पहिली बोंब ठोकते 'एटीएम' नावाचे प्रथिन. नाव बँकेच्या यंत्राचे, पण काम राखणदाराचे! ते 'पी-५३' ला जागे करते. पी-५३ म्हणजे घरातली जाणती सासू. ती आधी म्हणते, "काम थांबवा, तुटलं ते सांधा." सांधण्याच्या कामाला 'बीआरसीए-१' आणि 'बीआरसीए-२' ही प्रथिने हातभार लावतात. सांधणे शक्यच नसेल तर ती पेशीला गुपचूप मरायला सांगते, म्हणजे बिघडलेली पेशी पुढे वाढत नाही. ही निरोपांची साखळी धड आहे की तुटलेली, यावर पेशी किरणांपुढे टिकेल की नाही हे बरेच ठरते. बीआरसीए-१ चे जनुक १९९४ साली आणि बीआरसीए-२ चे १९९५ साली हाती लागले. ज्या घराण्यात ही जनुके जन्मतःच सदोष असतात, तिथे आई, मावशी, बहीण अशा ओळीने स्तनांचा किंवा बीजकोशांचा कर्करोग दिसतो. तुमच्या माहेरी असे असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा.

स्तनांच्या पेशी वेगळ्या कशा?

स्तनांच्या पेशी आयुष्यभर निरोप ऐकत असतात. न्हाण आले की एक, दर महिन्याला एक, दिवस गेले की एक, बाळ अंगावर पिऊ लागले की आणखी एक. त्यामुळे वयाप्रमाणे त्यांची किरणांबद्दलची संवेदनाही बदलते.

हे जगाला फार दुःखातून कळले. १९४५ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबाँब पडले. त्यातून वाचलेल्या बायकांची पाहणी पुढे कित्येक दशके चालली. ज्या तेव्हा लहान किंवा विशीच्या आतल्या होत्या, त्यांच्यात पुढे स्तनांचा कर्करोग सर्वांत जास्त वाढला. ज्या चाळिशीच्या पुढे होत्या, त्यांच्यात ही वाढ पुष्कळच कमी दिसली. कॅनडातही क्षयाच्या उपचारात ज्या तरुणींची छाती क्ष-किरणांखाली पुनःपुन्हा पाहिली गेली होती, त्यांच्यात हा कर्करोग जास्त आढळला, असे १९६५ साली प्रसिद्ध झाले. वाढीचे निरोप जोरात असतात त्या वयात स्तन किरणांना फार हळवा असतो, हा त्यातला बोध. जपानी बायकांच्या पाहणीत असेही दिसले, की ज्यांचे पहिले बाळंतपण कमी वयात झाले होते त्यांना किरणांचा धोका कमी होता. बाळंतपणातल्या निरोपांनी पेशी जणू पोक्त होतात. पण म्हणून कुणी पोरीचे लग्न लवकर उरकायचे निमित्त करू नका! लहान वयातल्या बाळंतपणाचे धोके त्याहून कितीतरी मोठे आहेत.

आता अभिमानाची गोष्ट. स्तनांच्या पेशींवर आपल्या देशात ज्यांनी पायाभूत काम केले, त्या एक मराठी बाई होत्या. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. १९१७ साली पुण्यात जन्म, शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये. मुंबईला डॉ. वसंतराव खानोलकरांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली, अमेरिकेत जाऊन शरीराबाहेर काचपात्रात पेशी वाढवण्याची विद्या शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्या कामाची प्रयोगशाळा उभी केली. उंदरांच्या स्तनांतल्या गाठींवर काम करून अनुवंश, संप्रेरके आणि कर्करोग यांचा संबंध त्यांनी दाखवला. १९७३ साली स्त्री-वैज्ञानिकांची संघटना काढण्यात त्यांचा पुढाकार होता आणि १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. संसार सांभाळून हे सारे केले.

कर्करोगाची पेशी निरोप बदलते

कर्करोगाची पेशी लबाड असते. ती निरोपांची साखळीच फिरवून घेते. सुमारे पाचातल्या एकीच्या गाठीत 'हर-टू' नावाची दारे पेशीवर वाजवीपेक्षा कितीतरी जास्त उगवलेली असतात आणि आत सारखे "वाढ, वाढ" ओरडत राहतात. आतली एक साखळी "मरू नकोस" असेही सांगत असते. अशा पेशी किरणांपुढे तग धरतात. आणखी गंमत म्हणजे किरण पडल्यावर वाचलेल्या पेशींत हेच वाढीचे निरोप चाळवले जाऊ शकतात. मारायला गेलो आणि उरलेल्यांना जाग आली, असा प्रकार!

म्हणून आता गाठीचा तुकडा तपासताना संप्रेरकांची दारे आहेत का, हर-टू आहे का, हे पाहतात. हर-टूचे दार बंद करणारे ट्रास्टुझुमॅब हे औषध अमेरिकेत १९९८ साली मान्य झाले, आणि आज आपल्याकडेही मिळते. प्रयोगशाळेत असे दिसले आहे, की दार बंद केले की त्या पेशी किरणांना जास्त बळी पडतात. हे औषध शेकाच्या दिवसांतही चालू ठेवतात.

शेजारचाही परिणाम होतो. कॅलिफोर्नियात बर्कलीच्या प्रयोगशाळेत मिना बिसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनांच्या पेशी सपाट काचेवर न वाढवता, शरीरातल्यासारख्या मऊ लगद्यात वाढवल्या. पेशी भोवतालच्या जाळ्याला ज्या प्रथिनाने धरून राहते आणि त्यातून जगण्याचा निरोप घेते, ते इंटेग्रिन त्यांनी अडवले. किरणांनी मग कर्करोगाच्या पेशी अधिक मेल्या, निरोगी पेशी मात्र बचावल्या. हे काम अजून प्रयोगशाळेतले आहे, पण पुढची दिशा त्यातून कळते.

रोज थोडा थोडा का?

आता जाऊबाईंचा मुख्य प्रश्न. सगळा शेक एका दिवशी का देत नाहीत?

एक तर किरण आजूबाजूच्या चांगल्या पेशींवरही पडतात. त्यांची निरोपांची साखळी शाबूत असते. त्या काम थांबवतात, काही तासांत तुटलेले सांधतात आणि दुसऱ्या दिवशी तयार होतात. कर्करोगाच्या पेशीची ती घडी विस्कटलेली असते. ती तुटका धागा घेऊनच विभागायला जाते आणि त्या खटपटीत मरते. कधी त्याच दिवशी, कधी कित्येक दिवसांनी. म्हणून शेक संपल्यावरही त्याचे काम चालू राहते.

दुसरे असे, की सगळ्या पेशी एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. विभागणीच्या बेतात असलेली पेशी चटकन मरते, धाग्याची नक्कल करत बसलेली पेशी चिवट असते. आज जी सुटली ती उद्या-परवा सापडते.

आणि मधेच सोडले तर? चांगल्या पेशींना विश्रांती मिळते खरी, पण उरलेल्या वाईट पेशींनाही मिळते. त्या पुन्हा वाढीला लागतात. अर्धे भिजवलेले आणि अर्धे कोरडे ठेवलेले रान जसे, तसा तो अर्धा शेक.

पूर्वी हा कार्यक्रम पाच आठवडे, पंचवीस वेळा, एकूण ५० ग्रे असा असे. खेड्यातल्या बाईला तो झेपणे कठीणच. ब्रिटनमध्ये १९९९ पासून साडेचार हजारांच्या आसपास बायकांवर पाहणी झाली. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी रोजच्या मात्रेच्या आकाराला चांगल्या पेशींइतक्याच संवेदनशील असतात, असे त्यातून दिसले. म्हणजे मात्रा थोडी मोठी आणि दिवस कमी, असे केले तरी चालते. तीन आठवड्यांत पंधरा वेळा ४० ग्रे देऊनही दहा वर्षांनी गुण तेवढाच आला, आणि त्रास वाढला नाही. तिथल्याच दुसऱ्या पाहणीत एका आठवड्यात पाच वेळा २६ ग्रे दिल्यावर पाच वर्षांपर्यंत तसाच गुण दिसला. ते २०२० साली प्रसिद्ध झाले. कुणाला किती दिवस, हे गाठीची जागा, काखेतल्या ग्रंथी वगैरे पाहून डॉक्टर ठरवतात. पण "आमचं गाव लांब आहे, कमी दिवसांचा कार्यक्रम बसेल का?" हे विचारायला मुळीच लाजू नका.

आणि गाठ काढली तरी शेक कशाला? कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी मागे राहतात. स्तन राखून गाठ काढलेल्या १०,८०१ बायकांचा एकत्र हिशेब २०११ साली मांडला गेला. दहा वर्षांत रोग पुन्हा उलटला तो शेक न घेतलेल्यांत शंभरातल्या ३५ जणींना, घेतलेल्यांत १९ जणींना. पंधरा वर्षांत या रोगाने गेल्या त्या अनुक्रमे २५ आणि २१. शंभरात चार जणींचा जीव, म्हणजे चार घरे.

घरगुती काळजी

नातवाला जवळ घ्यायला हरकत नाही. बाहेरच्या यंत्राने दिलेले किरण यंत्र बंद झाले की संपतात, अंगात उरत नाहीत. ताट-वाटी, अंथरूण वेगळे करायची गरज नाही.

अंगावर शाईने काढलेल्या खुणा घासून काढू नका. कोमट पाणी, सौम्य साबण आणि टिपून कोरडे करणे एवढे पुरे. गरम पाण्याची पिशवी, बर्फ, सुगंधी पावडर, चुना-हळदीचा लेप, काहीही विचारल्याशिवाय लावू नका. सैल, सुती पोलके घाला. उन्हात जाताना पदर नीट घ्या.

कातडी लाल किंवा काळसर होते, थकवा येतो. बहुतेक शेक संपल्यावर हळूहळू उतरतो. कातडी सोलवटली, ताप आला तर लगेच सांगा. भाजीतली हळद खुशाल खा, पण अर्काच्या गोळ्या आणि झाडपाला विचारून. ज्या बाजूची गाठ काढली त्या हाताने वेणी घालणे, हळूहळू दोरीवर कपडे टाकणे असे हलके व्यायाम डॉक्टरांना विचारून करा. दिवस गेल्याची शंका असेल तर शेकाआधीच सांगा.

क्ष-किरणांचा फाजील धसकाही नको. छातीचा एक फोटो म्हणजे निसर्गातून आपल्याला सुमारे दहा दिवसांत मिळतात तेवढे किरण. दोन्ही स्तनांचा मॅमोग्राम म्हणजे साधारण सात आठवड्यांचे. गरज असताना तो टाळणे हेच जास्त धोक्याचे. आणि मॅमोग्राम नसला तरी हात आहेतच. मुंबईत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखावर बायकांची पाहणी केली. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दोन-दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. यंत्र नाही, किरण नाहीत, नुसते शिकलेले हात.

जालन्याकडच्या बायकांना संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. ते २०१२ साली सुरू झाले. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शेकाचा खर्च बसतो का, याची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी करा. शिधापत्रिका आणि आधार बरोबर ठेवा. एस.टी.त बायकांना २०२३ पासून अर्धे तिकीट आहे.

हे सगळे जाऊबाईंना सांगायला मला दोन दुपारी लागल्या. सासूचे उदाहरण त्यांना पटकन पटले. मग गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे मी आले, अन् त्या आतल्या मेल्यांना सवडच दिली म्हण की."

भाकऱ्यांचे आम्ही दोघी-तिघींनी वाटून घेतले. आठवडा बुडाला होता. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी हिशेब पुन्हा मांडला आणि पुन्हा खाडा करायचा नाही म्हणून बजावले. उरलेले नऊ शेक जाऊबाईंनी सकाळच्या गाडीने जाऊन-येऊन पुरे केले. कधी मी बरोबर, कधी त्यांची सून.

परवा त्या मळ्यातून आल्या त्या एकट्या नव्हत्या. शेजारच्या वस्तीवरची एक तरणी बाई सोबत होती, पदर घट्ट धरून उभी. जाऊबाई मला म्हणाल्या, "हिला गाठ लागतीया हाताला. तीन महिने झाले, कुणाला बोलली नाही. उद्या मी हिला घेऊन जाते. माझी औषधाची फाइल कुठं ठेवलीस, दे बरं."